पाळलेले नवल

सातपुड्यातल्या काठीला पहिल्यांदा होळीसाठी गेलो, तेव्हा एका घराच्या ओसरीवर मला खाट टाकून दिली होती. कमरेला सुके भोपळे बांधलेला एक तरुण नाचून दमला आणि आत आला. मी सरकून त्याला जागा केली. तो हसला आणि जमिनीवर बसला. मी पुन्हा आग्रह केला, तशी ओसरीवरची सगळी माणसे हसायला लागली. शेवटी एका आजीला माझी दया आली. त्याची पालनी चालू आहे, म्हणाली. पालनी धरलेला खाटेवर बसत नाही, पायात चपला घालत नाही, आंघोळ करत नाही. लोककलांवरची चार पुस्तके मी वाचून गेलो होतो. नाचणाऱ्यांच्या टोपातल्या मोरपिसांबद्दल मला बरेच बोलता आले असते, पण खाटेबद्दल त्या पुस्तकांत एक ओळ नव्हती.

लोककलांच्या अभ्यासाच्या उंबऱ्यावर तुम्हा विद्यार्थ्यांचे स्वागत करताना म्हणूनच आधी ती खाट आठवते.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या जुन्या मेहवासी संस्थानाची होळी त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि गावाचे संस्थान गेले तरी होळीचे ‘राजवाडी’ हे नाव गेलेले नाही. लांबून जंगलातून उंच, सरळ बांबू आणायचा, हातांनी खड्डा करून तो उभा करायचा, रात्रभर ढोल चालू ठेवायचा आणि होळी पेटवायची ती पहाटे. बुध्या, बावा, मोरखी, काली अशी सोंगे रात्रभर नाचतात. पुढे निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या दिवशी होळ्या होतात, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्याच्या होळीला जाऊ शकतात. आपल्याकडे एकाच रात्री सगळ्या गल्ल्या पेटतात आणि कोणी कोणाकडे जात नाही, हे इथे उभे राहिल्यावर जरा खटकते.

बुध्याला जवळून पाहा. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूच्या काड्या आणि मोरपिसे यांचा टोप. कमरेला जे भोपळे आहेत ती घरातलीच वस्तू आहे. असा भोपळा वाळवून पोकळ केला की त्यात पाणी भरून रानात नेता येते, बियाणे ठेवता येते. तोच कमरेला लागला की एकमेकांवर आपटून कोरडा, खुळखुळता आवाज देतो, आणि घुंगरांच्या आवाजाखालीही तो ऐकू येतो. बाजारातून आणलेले त्यात फार थोडे असते. वर्षभर छपराखाली टांगलेले भांडे एका रात्रीपुरते वाद्य होते, आणि ते भांडे आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. नवल घडते ते हे ठाऊक असूनही. माझ्या मते ते ठाऊक असल्यामुळेच.

भरताच्या नाट्यशास्त्राने अद्भुत हा रस मानला आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला. त्या मांडणीत मात्र रस घेणारा प्रेक्षक समोर बसलेला असतो. काठीच्या माळावर प्रेक्षक वेगळा काढायचा झाला तर पाहुण्यांखेरीज फारसे कोणी हाती लागणार नाही. ज्याने नवस बोलून पालनी धरली तो नाचतो, ज्याचा फिटला तो ढोलाशी असतो, ज्या घरातला माणूस पालनीत आहे ते घरही काही दिवस त्याच्याबरोबर नियम सांभाळते. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळ हा संस्कृतीचा पाया असल्याचे मांडले. पालनीला खेळ म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण खेळाला स्वतःची जागा, स्वतःची वेळ आणि स्वतःचे नियम असतात, हे त्याचे निरीक्षण इथे उपयोगी पडते. नवल आपोआप उगवत नाही. आधी काही दिवस ते पाळावे लागते.

आपल्या शास्त्राने मात्र या प्रदेशाकडे उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरून पाहिले. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा भिल्ल भाषांचा भाग १९०७ सालचा. त्यात बोलीचा नमुना म्हणून ठिकठिकाणी बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली आहे. व्याकरणाची तुलना करायला ते सोयीचे होते, हे खरे. तरी जिथे रात्रभर गाणी चालतात तिथे परक्या देशातली गोष्ट सांगायला लावायची, याला काय म्हणावे! दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ने १९५६ मध्ये मराठीत या अभ्यासाला शिस्त दिली. १९८७ साली शहादा भागातल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आला आणि ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांच्यातलाच एक स्वतः लिहू लागला. माझ्या लेखी या क्षेत्राचे खरे वळण तेच.

पुढचे वळण तुमचे. तळोदा, शहादा, नवापूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गाणाऱ्या आत्या आणि ढोल वाजवणारे काका आहेत. त्यांना अर्थ विचारू नका. बियाणे कोणी राखले, ढोलाचे कातडे कोणी मढवले, पहिली पालनी कोणासाठी धरली, हे विचारा. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. तिथली घरे सपाटीवरच्या वसाहतींत आली, तेव्हा होळीचा खड्डा नव्या जागी कोणी आणि कसा ठरवला, यावर एक अख्खा प्रबंध व्हायला हवा.

काठीला जाल तेव्हा लोक खाट पुढे करतील. पाहुण्याने बसायला हरकत नाही. शेजारी कोणाला जागा करून देण्याआधी तेवढे विचारून घ्या.