कडवंची पाणलोट प्रकल्प

जालना तालुक्यातील कडवंची गावात 1996 ते 2002 या काळात राबवलेला मृद् व जलसंधारण प्रकल्प. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा तो भाग होता. स्विस जेझुइट हर्मन बाखर यांच्या प्रेरणेतून आकाराला आलेल्या या कार्यक्रमाला जर्मन सरकारचा निधी केएफडब्ल्यू बँकेमार्फत मिळे आणि नाबार्डद्वारे गावांपर्यंत पोहोचे. कडवंचीत अंमलबजावणी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने केली.

श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही गावासाठीची अट होती; परदेशी मदतीतली सर्वांत मोलाची बाब हीच म्हणावी लागेल. माथा ते पायथा या क्रमाने समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांध झाले. पाणी मुरल्यावर शेतकरी द्राक्षांकडे वळले आणि पुढे अस्तर घातलेली शेततळी शिवारभर पसरली. 2012-13च्या दुष्काळात बागा तगल्या त्या या साठ्यांवर.

द्राक्षांसाठी युरोपच्या बाजारपेठेचे दार मात्र मदतीच्या दाराइतके सहज उघडत नाही. तिथे कीडनाशकांच्या अवशेषांची मर्यादा कडक असते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षांची खेपच्या खेप अडकली होती.