बचावाच्या परवानगीची कुळकथा

दिवाणी दाव्यात प्रतिवादीने हजर व्हावे आणि कैफियत देऊन आपली बाजू मांडावी, हा त्याचा हक्कच समजला जातो. परंतु हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश किंवा लेखी करारावरील ठरावीक रकमेसाठी दाखल होणाऱ्या संक्षिप्त दाव्यात, ज्याला वकीलवर्ग ‘समरी सूट’ म्हणतो, हाच हक्क न्यायालयाकडून मागून घ्यावा लागतो. या मागणीचे नाव बचावाची परवानगी, आणि तिचे कूळ मराठवाड्यातील हिंगोलीपासून फार दूरचे आहे.

१८५५ साली इंग्लंडच्या संसदेने हुंडीवजा विनिमयपत्रांच्या वसुलीसाठी एक कायदा केला, जो कीटिंगचा कायदा म्हणून ओळखला जातो. देणेकरी खोटेनाटे बचाव उभे करून सावकाराला वर्षानुवर्षे झुलवतात, ही व्यापाऱ्यांची तक्रार त्याच्या मुळाशी होती, आणि तोडगा असा निघाला की परवानगी मिळाल्याखेरीज प्रतिवादीला उभेच राहता येऊ नये. हीच पद्धत भारतात १८६६ च्या पाचव्या अधिनियमाने आली, १८८२ च्या दिवाणी संहितेत शिरली आणि १९०८ च्या संहितेत आदेश ३७ म्हणून स्थिरावली. मात्र त्या आदेशाच्या मूळ शब्दांत मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा बंदरी व्यापाराच्या शहरांतील उच्च न्यायालये आणि आणखी मोजकी न्यायालयेच होती.

हिंगोली तर या संहितेच्याच बाहेर होती. तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि तिचे अधिकारी इंग्रज होते, तरी छावणीबाहेरच्या पेठेतील देण्याघेण्यावर निजामाच्या राज्याचे कायदे आणि न्यायालये यांचाच अंमल चाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी संहिता या भागाला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर. आणि आदेश ३७ ची व्याप्ती ‘इतर न्यायालयां’पर्यंत नेणारी १९७६ ची दुरुस्ती अमलात आली १ फेब्रुवारी १९७७ रोजी. तोवर हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.

या दुरुस्तीनंतरची रीत अशी आहे की समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवावी, मग वादीने न्यायनिर्णयासाठी दुसरे समन्स बजावून घ्यावे, आणि ते पोचल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने शपथपत्रावर परवानगी मागावी. रकमेचा काही भाग देणे आहे असे प्रतिवादीने कबूल केले असेल, तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याखेरीज परवानगी मिळत नाही. वसमतच्या बाजारातून हळद उचलून व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही, तर अशा दाव्याचा आधार म्हणून तो पुरतो. माल निकृष्ट निघाला, हे नुसते म्हणणे मात्र पुरत नाही, ते कशावरून हे शपथपत्रात दिसावे लागते.

किती दिसले म्हणजे पुरे, हा वाद न्यायालयांनी दीर्घकाळ चालवला. मेकालेक इंजिनिअर्सच्या १९७६ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या नोंदवल्या, २०१६ मध्ये हबटाऊनच्या प्रकरणात त्या दुरुस्त आदेशाच्या शब्दांशी जुळवून घेतल्या, आणि २०२२ मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात परवानगी देणे हा नियम व नाकारणे हा अपवाद, असे म्हटले. संशयास्पद बचावाला रक्कम जमा करण्याची अट लागते, आणि निव्वळ सोंग असेल तर दारच बंद होते. १८५५ च्या व्यापाऱ्यांना हा उदार कल मानवला नसता.

२०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने त्यांच्या वारसांची आणखी पंचाईत केली. २०१८ च्या दुरुस्तीने वाणिज्यिक दाव्याची किमान रक्कम १ कोटींवरून ३ लाखांवर आली, म्हणून तालुक्याच्या पेठेतील उधारीही या कक्षेत शिरू लागली. आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात ठरवून टाकले, त्यामुळे दहा दिवसांची घाई सुरू होण्याआधीच देणेकऱ्याला काही महिन्यांची सवड मिळते.