नेकनूरच्या बाजाराची वाट

वैशाख, १९४६. ऊन उतरल्यावर तुम्ही बैल सोडता. पाटोद्याच्या डोंगरात, मांजरा नदी जिथून निघते त्या बाजूची ही वाडी. उद्या नेकनूरचा बाजार, म्हणजे रात्रभर चाल. पुढे आबा, मागे तुम्ही, मधे जोडी. वैरणीची पेंढी आणि भाकरीचं गाठोडं तुमच्या डोक्यावर.

बालाघाटाचा हा माथा उघडाबोडका आहे. मुरूम, बोरी-बाभळी, वाळून पांढरं पडलेलं कुसळी गवत. काळी जमीन काय ती ओढ्याकाठची पट्टी. नांगर जिथे रुतत नाही तिथे गुरं चरतात, शेळ्या पाला ओरबाडतात, म्हणून तर या डोंगरात माणूस टिकला. पावसानं दगा दिला की पेवातलं धान्य संपतं. दावणीला मात्र काहीतरी उभं असतं. अडचणीला विकता येईल असं तेवढंच.

आबा चालता चालता बजावतात, "तिथं तोंड उघडू नको. बैलाची किंमत तोंडावर दिसली की गेली."

मांजरसुंबा मागे टाकून उजाडता उजाडता नेकनूर येतं. बंकटस्वामींच्या कीर्तनाचं हे गाव. आज मात्र कानावर पडतात ते घुंगूर आणि हंबरणं. शेण, ओला कडबा, बिडीचा धूर. एकीकडे लाल कंधारी उभे आहेत, विटेच्या रंगाचे. दुसरीकडे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले देवणी. बाभळीखाली काळ्या उस्मानाबादी शेळ्या. निजामाचं राज्य आहे, कचेरीचा कारभार उर्दूत, आणि कमरेच्या कशात हाली रुपया. पलीकडचं जामखेड इंग्रजांच्या अमलात. तिथे कलदार चालतो. शंभर कलदाराला साधारण एकशे सोळा हाली मोजावे लागतात आणि वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका असतो. त्यामुळे तिकडचा व्यापारी भाव करताना मनात दोनदा हिशेब मांडतो.

गिऱ्हाईक येतं. आधी बैलाकडे बघतच नाही. वळसा घालतं, मागून पायांची ठेवण बघतं. मग भोवरे. कपाळावरचा चालतो, भलत्या जागी असला तर कितीही देखणा बैल असो, माणूस पुढे सरकतो. मग खालचा ओठ ओढून दात. दुधाचे दात असतील तर आदत. दोन पक्के दात आले की दोनदाती, आणखी दोन आले की चारदाती, आणि आठही आले की जुळलेला. जन्माचा दाखला लागत नाही. शेवटी तो वशिंडावर थाप मारतो, कातडी चिमटीत धरून सोडतो आणि ती किती चटकन बसते ते बघतो. अक्षरओळख नसलेल्या या माणसांना एवढं कळत होतं आणि आपण ते पुरतं लिहूनही ठेवलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता दलाल उपरणं पसरतो. त्याखाली त्याचा हात आबांच्या हातात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच; दहाचे की शंभराचे, ते आधीच ठरलेलं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे आहात आणि तुम्हालाही आकडा कळत नाही. आबा हात झटकतात. दलाल पुन्हा धरतो. आबांच्या मनगटाची शीर तटतटते, चेहरा मात्र दगड. तिसऱ्या खेपेला ते हात काढत नाहीत.

विसार मिळतो. आबा बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकतात. बैल दिला तरी दावं द्यायचं नाही, नाहीतर दावणीची लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते. घेणाऱ्यानं नवा कासरा आणलाय.

२६ वर्षं पुढे या. १९७२. त्याच डोंगरात तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडताय. ताटात मिलो, पोरांच्या हातावर सुकडी. बाजारात विकणारेच सगळे.

त्यानंतरची वाट उसाकडे वळते. प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास उभा राहिला होता. मागून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखाने वाढत गेले आणि बालाघाटातली माणसं दसरा-दिवाळीला कोयता घेऊन उतरू लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घ्यायची, तिच्यातून बैल घ्यायचे, हंगाम संपला की पुष्कळदा तेच विकून उचल फेडायची. पिढीजात दावणीचा बैल असा सहा महिन्यांचा झाला. या डोंगराची सर्वांत मोठी हानी मला ही वाटते, कारण चार वर्षं सांभाळून बैल घडवण्याची उसंतच कुणाला उरली नाही.

आता आजचा रविवार, दसऱ्यानंतरचा. नेकनूरला बैल पिकअपमधून उतरतात, कानात बारा आकडी पिवळा बिल्ला. नांगरट ट्रॅक्टरनं होते. २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि त्याचा भार अशाच घरांवर पडतो ज्यांच्याकडे स्वतःपुरतंही पाणी नसतं. लम्पीची साथ आली तेव्हा, २०२२ साली, बाजारच बंद ठेवावे लागले.

उपरण्याखाली अजून हात जातात. पण एका जोडीजवळ बाई पुढे झालीय, कडेवर पोर. नवरा दात बघतोय. ती खाली बसून खूर चाचपते, एका फटीत नख घालून बघते.

"मारका न्हाई ना, मामा? पाच-सहा म्हैने कोपीपुढंच बांधायचाय. लेकरू आसतंय."

"गाय हाय नुसती, माय."

"मंग भरल्या गाडीला जुंपून दावा. रिकामी कुनीबी वढतंय."

विकणारा इकडे-तिकडे बघतो आणि गाडी मागायला जातो.