आधी पत्र, मग पक्ष : रत्नागिरी जिल्हा आणि वृत्तपत्रकार बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात घटनाकार, कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे वृत्तपत्राच्या चालकाला मिळत नाही. आमच्या मते ही उणीव लहान नाही. स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ साली स्थापन झाला. त्यांचे पहिले पत्र त्यापूर्वी सोळा वर्षे निघाले होते. ज्या समाजाला बोलण्याचीच मनाई होती, त्याला मत देण्यापूर्वी मत मांडता येणे आवश्यक होते.

या विचाराचे मूळ शोधताना रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहावे लागते. बाबासाहेबांच्या घराण्याचे गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले. पलटणीत लिहिणे-वाचणे शिकलेल्या महार पेन्शनरांची तेथे वस्ती होती. त्यांच्यापैकीच एक गोपाळबाबा वलंगकर. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून लेखन केले आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. परंतु वलंगकरांजवळ स्वतःचे पत्र नव्हते. दुसऱ्याच्या पत्रात जेवढी जागा मिळेल तेवढ्यातच त्यांना आपले म्हणणे मांडावे लागले. १९०० साली त्यांचे निधन झाले.

ही उणीव बाबासाहेबांनी भरून काढली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला होता, ही गोष्ट स्वतंत्र पत्राची निकड पुरेशी स्पष्ट करते. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि त्यांच्या गैरहजेरीत पत्र पुढे बंद पडले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे संपादक ते स्वतःच होते आणि बहुतेक मजकूरही तेच लिहीत. वर्गणीदार थोडे, जाहिराती जवळजवळ नाहीत, अशा अवस्थेत हे पत्र नोव्हेंबर १९२९ पर्यंत चालले.

२४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ निघाले, तेव्हा बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी होते मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन. त्यांनीही १८९३ साली ‘परैयन’ हे तमिळ पत्र काढले होते. ज्या जातिनामाने समाजाला हिणविले जाई, तेच त्यांनी पत्राच्या मथळ्यावर घातले. कोकण आणि मद्रास यांत भाषेचे अंतर मोठे. तरीही दोन्हीकडे नेतृत्वाची वाट छापखान्यातून गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रत्नागिरीच्या दृष्टीने या पत्रकारितेची कसोटी खोती हीच होती. सारावसुलीचा अधिकार खोताकडे असल्याने कुळांची जमीन, वेठ आणि अब्रू सारे त्याच्या मुठीत असे. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेबांनी या प्रश्नाला हात घातला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात महार आणि कुणबी एकत्र चालले. ‘बहिष्कृत’ या नावाकडून ‘जनता’ या नावाकडे झालेला प्रवास म्हणूनच केवळ शब्दांचा नव्हता. विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरची धम्मदीक्षा झाली. येथेही पत्राने आधी पाऊल टाकले आणि समाज मागून आला. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध — ही नावे क्रमाने वाचली, तरी एका समाजाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. ‘जनता’चा पसारा पंचवीस वर्षांचा असल्याने तो जपणे अधिक कठीण आहे. जिल्ह्यातील कोणा वाचकाच्या घरी, एखाद्या जुन्या पेटीत, त्याचे अंक असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचा इतिहास इतरांच्या दप्तरात शोधावा लागू नये, यासाठीच तर ही पत्रे निघाली होती.