तळटीप ३ : गॅबरबॉकस प्रेस
पोलंडहून आलेल्या स्टेफान आणि फ्रान्सिस्का थेमर्सन दांपत्याने १९४८ मध्ये लंडनमध्ये काढलेली प्रकाशनसंस्था. १९७९ मध्ये ती ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाकडे गेली. स्टेफान संपादक, फ्रान्सिस्का चित्रकार. दोघांचा ‘युरोपा’ (१९३१-३२) हा फोटो-कोलाजांचा लघुपट पॅरिसमध्ये नाझींच्या हाती लागला, तो २०१९ मध्ये जर्मन अभिलेखागारात सापडला. जारी या फ्रेंच नाटककाराच्या ‘उबू रोआ’ या नाटकाच्या पुस्तकासाठी (१९५१) अनुवादक बार्बरा राइट यांनी मजकूर थेट लिथोच्या प्लेटांवर हाताने लिहिला, भोवती फ्रान्सिस्काने चित्रे काढली आणि छापले चक्क पिवळ्या कागदावर. खपाकडे डोळा ठेवणाऱ्याचे हे काम नव्हे! बसची तिकिटे चिकटवून कोलाज करणारे कुर्ट श्विटर्सही इंग्लंडमध्ये निर्वासितच. त्यांच्यावरचे स्टेफानचे पुस्तक (१९५८) याच प्रेसचे.