जागच्या जागी चढण

हिवरे बाजारच्या डोंगरउतारावरचे समतल चर पाहायला दूरदूरचे लोक येतात. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने श्रमदानाची कास धरली, त्या कामांपैकीच हे चर. ते पाहायला वर चढताना मुलांना धाप लागते आणि शिक्षकांना त्याहून जास्त. शहरातल्या व्यायामशाळेत जिना चढण्याच्या यंत्रावर हीच धाप पैसे देऊन मिळते. या यंत्राचा पूर्वज मात्र तुरुंगातला.

इंग्लंडमध्ये १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे प्रचंड चाक तयार केले. आडव्या पिंपासारखे, कडेने फळ्या बसवलेले. कैदी कठडा धरून वरच्या फळीवर पाय ठेवी, वजनाने ती खाली जाई, की पुढची फळी समोर हजर. तासन्‌तास चढूनही तो जागच्या जागीच! काही तुरुंगांत या चाकावर धान्य दळत, काही ठिकाणी त्याला काहीच जोडलेले नसे. एडवर्ड स्मिथ या डॉक्टरांनी १८५० च्या दशकात स्वतः चाकावर चढून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि ही शिक्षा शरीराला किती जड पडते ते आकड्यांत दाखवले. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर काही वर्षांत ती बंद पडली.

चढणे हृदयाला हितकारक ठरते, याचा भक्कम पुरावा पुढे बसगाड्यांत सापडला. लंडनच्या दुमजली बसचे वाहक दिवसभर जिना चढत-उतरत, चालक बसून असत. (मुंबईतही बेस्टच्या दुमजली बस १९३७ पासून धावू लागल्या होत्या.) जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले की, हृदयविकार वाहकांत कमी होता. पण मुळातच जाड माणसे चालक होत असतील तर? मॉरिस यांनी मग गणवेशाच्या विजारींची मापे मिळवली! चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. तरी सारख्या घेराच्या माणसांतही वाहकच सुरक्षित होते. शंका कशी तपासावी, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ‘स्टेअरमास्टर’ बाजारात आले आणि शिक्षेचे चाक व्यायामाचे साधन झाले.

आता थोडे गणित. ५० किलो वजनाची मुलगी १०० मीटर चढली, तर ५० × ९.८ × १०० = ४९,००० ज्यूल काम झाले. स्नायूंची कार्यक्षमता साधारण पाव, म्हणून शरीराचा खर्च सुमारे दोन लाख ज्यूल. त्यासाठी सुमारे १० लिटर ऑक्सिजन लागतो. तो पोहोचवायला हृदय धडधडते.

यंत्रावर तर उंची वाढतच नाही. मग काम शून्य? मुलांना हे जरूर विचारावे. पायरी तिच्या वजनाने खाली ढकलली जाते, ती ऊर्जा यंत्राचा ब्रेक घेतो व तिची उष्णता होते. क्युबिटच्या रिकाम्या चाकाचेही तेच. आणि डोंगराचे? तिथे उंची मिळते खरी, पण उतरताना तीही ऊर्जा स्नायूंत उष्णता होऊन जाते. वर राहते ती फक्त चरातून उपसलेली माती.