गामेलान आणि गाँगची घडण

गामेलान : इंडोनेशियातील जावा बेटाचे पारंपरिक वृंदसंगीत आणि ते वाजवण्याचा वाद्यसंच. बालीतही गामेलान आहे. येथे योग्याकार्ता व सुराकार्ता (सोलो) या मध्य जावातील दरबारांभोवती वाढलेल्या परंपरेचा विचार केला आहे.

संचातील बहुतेक वाद्ये काशाची असतात : पट्ट्यांची सारोन व गेंदेर, ताणलेल्या दोऱ्यांवर आडवी मांडलेली फुगीर बोनांग व केनोंग, आणि चौकटीला टांगलेली केम्पुल व गाँग. लाकडी पट्ट्यांचे गाम्बांग, दोन तारांचे गजवाद्य रेबाब, सुलिंग ही बासरी आणि गायक-गायिका त्यांना साथीला असतात. लयीचा लगाम केंदांग हा ढोल वाजवणाऱ्याच्या हाती. वायांग कुलित या छायानाट्यात रामायण-महाभारताच्या कथा गामेलानच्या साथीनेच रात्रभर चालतात.

स्वरव्यवस्था दोन. स्लेंद्रोत सप्तकाचे साधारण सारख्या अंतरांचे 5 स्वर, तर पेलोगमध्ये विषम अंतरांचे 7. मात्र दोन्हींची सर्वमान्य अशी पट्टी नाही. प्रत्येक संचाचे स्वर त्याचे स्वतःचे, त्यामुळे एका संचातले सारोन दुसऱ्यात बेसूर ठरते. संपूर्ण संच हेच एक वाद्य समजावे.

कालरचना मराठी श्रोत्याला चकवणारी आहे. आपल्याकडे आवर्तन समेपासून मोजतात. गामेलानमध्ये सर्वांत वजनदार ठोका आवर्तनाच्या शेवटी, मोठ्या गाँगवर पडतो. केतावांग या प्रकारात तो 16व्या मात्रेला येतो, लाद्रांगमध्ये 32व्या. केनोंग व केम्पुल मधले टप्पे दाखवतात, सारोन मूळ धून धरतात आणि वरच्या पट्टीची वाद्ये तीच धून दुप्पट-चौपट दाट विणतात.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत योग्याकार्तातील पाकुआलामान दरबाराचे ‘केतावांग पुष्पवर्णा’ आहे. गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही तिच्यातच आहे. 2021 मध्ये युनेस्कोने गामेलानचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

गाँगची घडण : गाँग अगेंग हा सर्वांत मोठा गाँग, व्यास सुमारे 90 सेंमी. पूर्वी सेमारांग आणि आता सोलोजवळचे वीरून गाव या कामासाठी प्रसिद्ध. धातूत वजनाने 10 भाग तांबे व 3 भाग कथील, म्हणजे जवळजवळ आपल्या झांजांचे व थाळ्यांचेच कासे. थंड असताना ते ठिसूळ असते, ठोकले तर तडकते. म्हणून मुशीतून ओतलेली जाड चकती कोळशाच्या भट्टीत लालभडक तापवूनच घडवतात. भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण धातूचा ताव त्याच्या रंगावरूनच ओळखायचा असतो. एक कारागीर चकती फिरवत राहतो, बाकीचे घणकरी पाळीपाळीने घाव घालतात. लाली उतरू लागली की काम थांबवून चकती पुन्हा आगीत. असे कितीतरी ताव दिल्यावर कड वळते आणि मधला उंचवटा उठतो. अखेर तापलेला गाँग पाण्यात बुडवतात. या पाण्याने कासे कणखर होते, हळूहळू निवू दिले तर ते ठिसूळच राहते.

त्यानंतरचे काम कानाचे. जागोजागी ठोकून, घासून सूर जुळवतात. चांगल्या गाँगचा नाद सरळ विरत नाही, तो संथपणे वरखाली हेलावतो. दोन अगदी जवळच्या कंपनसंख्या एकाच वेळी उमटल्याने ही लाट निर्माण होते. ती हवी तेवढी मिळवणे हेच उस्तादाचे खरे कसब, आणि माझ्या मते संचाची प्रत तिच्यावरूनच ठरवावी.

जुन्या प्रथेत कारागीर भट्टीवर पांजी या जावानी राजपुत्राच्या कथांतील पात्रांची नावे धारण करीत व कामापूर्वी नैवेद्य ठेवीत. तयार संचाला ‘क्याई’ ही आदरार्थी उपाधी लावून नाव देतात, वाद्य ओलांडणे असभ्य मानतात, आणि मोठ्या गाँगला फुले व धूप वाहतात. कासे महाग असल्याने शाळा व गावमंडळे लोखंडी संचही घेतात. त्यांचा नाद कोरडा असला तरी खेडोपाडी नव्या वादकांचा हात त्यांच्यावरच बसतो.